मागील बाजूस पाहावे

छापील करारातली अक्षरं बारीक असतात म्हणून सगळे करवादतात, पण अक्षरांचा आकार हा त्या करारांचा सगळ्यात किरकोळ दोष आहे. ब्राझीलने 2008 साली कायदा दुरुस्त करून ग्राहकापुढे ठेवल्या जाणाऱ्या छापील करारात 12 पॉइंटपेक्षा लहान अक्षर चालणार नाही असं ठरवलं. स्पेनने 2022 मध्ये अक्षराची किमान उंची 2.5 मिलिमीटर केली आणि ओळींमधलं अंतरही नेमून दिलं. निर्णय दोन्ही चांगलेच. पण अक्षर वाढलं की पानं वाढतात, आणि आठ पानं न वाचणारा माणूस चौदा पानं वाचेल असं मानायला काही आधार नाही. ऑनलाइन सॉफ्टवेअर विकणाऱ्या 90 कंपन्यांच्या संकेतस्थळांवर येणाऱ्या 48 हजारांहून अधिक लोकांच्या हालचाली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी तपासल्या. परवान्याच्या अटींचं पान निदान एक सेकंद तरी उघडणारे त्यात हजारी एक-दोन निघाले. पडद्यावर तर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, तरीही हा आकडा.

यात लोकांचा आळस शोधू नये. वाचून करणार काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांसाठी एकच मजकूर छापलेल्या अशा नमुना करारात घासाघीस नसते. पटलं तर घ्या, नाहीतर राहू द्या. शिवाय त्यातली बरीच कलमं व्यवहार सुरळीत पार पडला तर कधी लागूच होत नाहीत. पहिल्या पानावर वस्तू, किंमत आणि तारीख असते. ते सगळे वाचतात, कारण सौदा तोच आहे. उरलेली पानं 'काही बिनसलं तर' या एका प्रश्नाची उत्तरं असतात. कार्ल लेवेलिन या अमेरिकी कायदेपंडितांनी 1960 साली हे नेमकं मांडलं होतं: ग्राहकाची खरी संमती बोलून ठरवलेल्या मोजक्या बाबींना असते, बाकीच्या मजकुराला तो फक्त 'अगदीच अवाजवी काही नसेल तर चालेल' एवढीच ढोबळ मान्यता देतो.

विकणाऱ्याची बाजूही खोटी नाही. लाखो ग्राहकांशी लाखो वेगळे करार करता येत नाहीत. जोखीम आधीच वाटून ठेवली नाही तर किंमत ठरवणं अशक्य होतं, विम्यात तर सरळसरळच. अडचण येते ती लिहिण्याच्या पद्धतीमुळे. मजकूर एकच बाजू लिहिते, दुसरी सही करते. प्रत्येक जुन्या भांडणानंतर वकील एक वाक्य वाढवतो आणि ते पुढे कुणी काढत नाही. वीस वर्षांनी वाईट दिवसाचा जवळजवळ सगळा भार सही करणाऱ्याकडे सरकलेला असतो, आणि त्यामागे कुणाचा दुष्ट बेत असेलच असंही नाही.

म्हणून असा करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू नये. आधी या व्यवहारात काय काय बिनसू शकतं याची चार-पाच वाक्यं कागदावर लिहावीत: माल उशिरा आला, वस्तू बिघडली, पैसे थकले, मधूनच बाहेर पडायचं झालं, दुसरी बाजू बुडाली किंवा विकली गेली. मग प्रत्येक वाक्याचं उत्तर करारात शोधावं. चाळीस पानांचा करारही असा तासाभरात हाती येतो. ज्या प्रश्नाला करारात उत्तरच नाही, तो मुद्दा सही करण्याआधी बोलून लिहून घ्यायचा.

त्याआधी एक पायाभूत गोष्ट. बारीक मजकूर बांधील ठरतो की नाही, हे सही झाली होती की नुसतं तिकीट हातात पडलं होतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. इंग्लंडमधल्या 1934 सालच्या लेस्ट्रेंज विरुद्ध ग्राउकॉब या खटल्यात एका कॅफेच्या मालकिणीने सिगारेट विकणारं यंत्र घेतलं होतं. ऑर्डरचा फॉर्म तपकिरी कागदावर, बारीक छपाईचा. यंत्र थोड्याच दिवसांत अडकून बंद पडलं. फॉर्ममध्ये एक वाक्य होतं की इथे लिहिलेल्या अटींखेरीज कसलीही हमी, गृहीत धरलेलीसुद्धा, लागू नाही. मालकिणीने ते वाचलं नव्हतं. छपाई खेद वाटावा इतकी बारीक आहे हे न्यायालयालाही मान्य होतं, पण सही होती, फसवणूक किंवा खोटी माहिती नव्हती, म्हणून करार बांधील ठरला. सहीच्या बाबतीत 'वाचलं नव्हतं' हा बचाव आजही बहुतेक वेळा टिकत नाही.

तिकिटाचं तसं नाही. सामान ठेवण्याच्या खोलीत मिळालेल्या तिकिटावरून 1877 साली पार्कर विरुद्ध साउथ ईस्टर्न रेल्वे हा खटला झाला. तिकिटावर 'मागे पाहा' असं छापलं होतं आणि मागे 10 पौंडांची मर्यादा. हरवलेल्या बॅगेची किंमत 24 पौंड 10 शिलिंग. त्यातून कसोटी निघाली: कंपनीने ती अट समोरच्याच्या नजरेस पडेल एवढे वाजवी प्रयत्न केले होते का? पुढे 1971 साली वाहनतळाच्या स्वयंचलित यंत्रातून निघालेल्या तिकिटाबद्दल न्यायमूर्ती डेनिंग यांनी म्हटलं की गाडी आत नेऊन यंत्रासमोर उभी केली तेव्हाच करार झाला. यंत्राशी काही वाद घालता येत नाही, आणि आतल्या खांबावर लावलेल्या अटी नंतर आल्या. नियम साधा आहे. अट करार होण्याच्या आधी समोर आली पाहिजे. हॉटेलच्या खोलीच्या दारामागे लावलेली सूचना काउंटरवर झालेल्या करारात घुसू शकत नाही, हेही 1949 साली असंच ठरलं.

यातला इंटरफोटोचा खटला तर तपशिलात पाहण्यासारखा आहे. एका जाहिरात संस्थेने इंटरफोटो या छायाचित्रांच्या ग्रंथालयाकडे 1950च्या दशकातले फोटो मागवले. 47 पारदर्शिकांची (फोटोंच्या स्लाइडची) पिशवी आली, सोबत डिलिव्हरी नोट. नोटेवर चार रकाने भरून अटी, आणि त्यातली एक अशी की 14 दिवसांनंतर ठेवून घेतल्यास प्रत्येक पारदर्शिकेला दररोज 5 पौंड अधिक कर. संस्थेने फोटो वापरलेच नाहीत, पिशवी बाजूला पडली आणि मुदतीनंतर 14 दिवसांनी परत गेली. आता हिशोब करा: 47 गुणिले 14 गुणिले 5 म्हणजे 3,290 पौंड, त्यावर 15 टक्के कर, एकूण 3,783.50. इतर ग्रंथालयांचे दर याच्या जवळपासही नव्हते. 1987 साली अपील न्यायालयाने निकाल दिला की अट जितकी जाचक आणि अनपेक्षित, तितकी ती ठळकपणे नजरेस आणून देण्याची जबाबदारी मोठी. ग्रंथालयाला शेवटी मिळाले ते दर पारदर्शिकेला आठवड्याला 3.50 पौंड. डेनिंग यांनी याआधी, 1956 मध्येच, म्हटलं होतं की काही कलमं अशी असतात की ती लाल शाईत छापून त्यांच्याकडे बोट दाखवणारा लाल हात काढला तरच पुरेशी सूचना दिली असं म्हणता येईल.

पडद्यावर हाच फरक 'मला मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारणं आणि पानाच्या तळाशी अटींचा दुवा नुसता असणं, असा दिसतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या 2002 सालच्या खटल्यात डाउनलोडचं बटण वर होतं आणि अटींचा उल्लेख पान खाली सरकवल्यावरच दिसत होता. अमेरिकी न्यायालयाने त्या अटी, त्यातल्या लवादाच्या कलमासकट, बांधील मानल्या नाहीत. तेव्हापासून चौकटीत खूण केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी पानं वाढली. ती खूण म्हणजे जवळजवळ सहीच.

आता कुठे पाहायचं ते. सुरुवात व्याख्यांपासून. व्याख्यांचं पान लोक प्रस्तावना समजून उलटतात आणि करारातले अर्धे सापळे तिथेच असतात, तेही नेहमीच्या आकाराच्या अक्षरात. 'सेवा', 'दोष', 'अपघात', 'कामाचा दिवस', 'प्रारंभ दिनांक', 'संबंधित कंपन्या' या शब्दांना करारात जो अर्थ दिला आहे तोच अर्थ. आपल्याला वाटतो तो नव्हे. वॉरंटी दोन वर्षांची आहे, पण 'दोष' म्हणजे 'उत्पादकाने तपासून मान्य केलेला दोष' असेल तर दोन वर्षं कशाची, हे उत्पादकच ठरवणार. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून, उत्पादनाच्या तारखेपासून की बसवल्याच्या तारखेपासून मोजायची, तेही व्याख्येतच असतं.

दुसरा शब्द 'मानले जाईल'. सूचना पाठवल्यापासून तीन दिवसांत मिळाली असे मानले जाईल. सात दिवसांत हरकत न घेतल्यास माल मान्य असे मानले जाईल. सेवा वापरत राहिल्यास बदललेल्या अटी मान्य असे मानले जाईल. यातलं प्रत्येक वाक्य एक न घडलेली गोष्ट घडली असं धरून चालतं. कराराची फाइल मिळाली की हा शब्द शोधून जिथे जिथे सापडेल तिथे खूण करावी आणि शेजारी दिवसांचा आकडा लिहावा. हे आकडे पुढे कॅलेंडरवर जायचे असतात. 'पूर्वसूचनेशिवाय', 'अंतिम व बंधनकारक' आणि 'कंपनीच्या एकमेव विवेकानुसार' हे शब्दही असेच शोधावेत. जिथे 'एकमेव विवेक' आहे तिथे 'वाजवी' हा शब्द मागावा. पुष्कळदा देतात, कारण छापणाऱ्यालाही तो मूळचा हट्ट आठवत नसतो.

आपोआप नूतनीकरणाचं कलम सर्वांत जास्त लोकांना गाठतं, आणि गाठतं ते तारखांच्या गणितात. समजा करारावर 10 जानेवारीला सही झाली, सेवा 1 फेब्रुवारीला सुरू झाली. मुदत 12 महिने. कलम म्हणतं: मुदत संपण्यापूर्वी किमान 60 दिवस लेखी सूचना न मिळाल्यास करार आणखी 12 महिन्यांसाठी नूतनीकृत होईल. ग्राहक सेवा सुरू झाल्यापासून मोजतो: 31 जानेवारीला संपणार, म्हणजे 2 डिसेंबरपर्यंत कळवलं की झालं. तो शहाणपणाने आठवडाभर आधी, 25 नोव्हेंबरला, ई-मेल टाकतो. पण व्याख्येत मुदत 'प्रारंभ दिनांका'पासून आहे आणि प्रारंभ दिनांक म्हणजे सहीचा दिवस. म्हणजे करार 9 जानेवारीला संपतो आणि सूचना 10 नोव्हेंबरला मिळायला हवी होती. मिळायला, पाठवायला नव्हे. शिवाय सूचनांच्या कलमात ई-मेल चालत नाही, नोंदणीकृत टपालच लागतं. तीन वेगवेगळ्या पानांवरची तीन निरुपद्रवी वाक्यं एकत्र आली आणि एक वर्ष अंगावर पडलं. यावर तोडगा कंटाळवाणा पण पक्का आहे: सही केली त्याच दिवशी सूचनेची शेवटची तारीख काढायची, तिच्या तीस दिवस आधीची आठवण लावायची, आणि रद्द करायचं नक्की असेल तर सूचना पहिल्याच महिन्यात देऊन टाकायची. फार लवकर दिलेली सूचना चालत नाही असं कलम क्वचित सापडतं, तेवढं तपासून घ्यावं.

जबाबदारीच्या मर्यादेचं कलम व्यापारी करारात सगळ्यात महाग पडतं. नेहमीचं वाक्य असं: आमची एकूण जबाबदारी मागील 12 महिन्यांत भरलेल्या शुल्काएवढीच राहील. इथे चार गोष्टी बघायच्या. 'भरलेल्या' की 'देय'? दर महिन्याला पैसे जात असतील आणि दुसऱ्याच महिन्यात मोठा घोटाळा झाला तर 'भरलेल्या' शुल्काची मर्यादा एका महिन्याच्या बिलाएवढी होते. दुसरं, ही मर्यादा प्रत्येक दाव्याला आहे की सगळ्या दाव्यांना मिळून? तिसरं, मर्यादा दोन्ही बाजूंना आहे की फक्त लिहिणाऱ्याला? आणि चौथं, तिच्याबाहेर काय ठेवलं आहे? मृत्यू किंवा शारीरिक इजा, फसवणूक, गोपनीयतेचा भंग आणि हेतुपुरस्सर केलेली चूक या बाबी मर्यादेबाहेर असणं सर्वसाधारण मानलं जातं. नसतील तर विचारायचं.

त्याच कलमात 'अप्रत्यक्ष नुकसान' भरून देणार नाही असंही असतं. याचं मूळ 1854 सालच्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या खटल्यात आहे. गिरणीचा तुटलेला दांडा, नवा बनवण्यासाठी नमुना म्हणून, न्यायला वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी तितके दिवस बंद राहिली, आणि बुडालेला नफा मागितला गेला. न्यायालयाने नाही म्हटलं, कारण हा दांडा नसेल तर गिरणी बंद पडते हे वाहतूकदाराला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा आपलं नुकसान कशात आहे हे आधी लेखी कळवून ठेवण्याला मोल आहे. पण आजचे मसुदेकार त्यावरही कडी करतात. 'अप्रत्यक्ष नुकसान, उदाहरणार्थ नफ्याचे नुकसान' असं लिहिलं तर नफा थेट बुडाला होता असं भांडायला वाव राहतो. 'नफ्याचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नुकसान' असं लिहिलं की तो वावही गेला. बदल दोन-चार शब्दांचाच, आणि त्यांवरून वकिलांची फी कित्येक महिने चालते.

विम्यातलं एक कलम मात्र शब्दांचं नसून गणिताचं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं: सरासरीचं कलम. मालमत्तेची किंमत 100, विमा काढला 60चा, नुकसान झालं 30चं. बहुतेकांना वाटतं की 30 हे 60च्या आत आहेत, म्हणजे पूर्ण मिळतील. मिळतात 18. कारण विमा 60 टक्क्यांचाच होता, उरलेल्या 40 टक्क्यांपुरती विमा कंपनी तुम्ही स्वतः, म्हणून प्रत्येक नुकसानीत तुमचा वाटा 40 टक्के. किमती वाढत जातात आणि विम्याची रक्कम जुनीच राहते, तेव्हा हे कलम कुणी काही न करता आपोआप जागं होतं. दर नूतनीकरणाला मालमत्तेची किंमत नव्याने काढावी, हाच त्यावर उपाय.

हप्त्यांच्या करारातला असाच एक हिशोब वॉशिंग्टनमधल्या वॉकर-थॉमस फर्निचर कंपनीच्या खटल्यात 1965 साली गाजला. ग्राहक एकामागून एक वस्तू हप्त्यावर घेत गेली की प्रत्येक हप्ता सगळ्या थकबाकीवर प्रमाणात वाटला जाई. परिणाम असा की शेवटची वस्तू फिटेपर्यंत पहिलीसुद्धा पूर्ण फिटत नसे, आणि एक हप्ता चुकला की पाच वर्षांपूर्वीच्या वस्तूसकट सगळं उचलून नेता येई. हे कलम वाक्य म्हणून इतकं लांबलचक आणि गुंतागुंतीचं होतं की वाचूनही कळू नये. न्यायालयाने असा करार अन्याय्य ठरू शकतो असं म्हणून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं. कर्ज किंवा हप्त्याच्या कागदात 'भरणा कोणत्या क्रमाने वळता होईल' हे वाक्य शोधावं: आधी दंड, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम असेल तर थोडा उशीरही मुद्दलाला हात लावू देत नाही.

दोन कंपन्यांमधल्या व्यवहारात गंमत वेगळीच. तिथे बारीक अक्षरं दोन्ही बाजूंना असतात. विकणारा कोटेशन देतो, मागे त्याच्या अटी. घेणारा परचेस ऑर्डर पाठवतो, मागे त्याच्या. मग ऑर्डरची पोच, चलन (मालासोबत येणारा कागद), बिल, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मजकूर. 1979 सालच्या बटलर मशीन टूल विरुद्ध एक्स-सेल-ओ या खटल्यात यंत्राचं कोटेशन 75,535 पौंडांचं होतं आणि त्यात भाववाढीचं कलम. घेणाऱ्याने आपल्या अटींवर ऑर्डर दिली. त्यात भाववाढ नव्हती. ऑर्डरच्या तळाशी फाडून परत पाठवायची पावती होती, 'या ऑर्डरवरील अटींनुसार आम्ही ऑर्डर स्वीकारतो' असं लिहिलेली. विकणाऱ्याने ती सही करून परत पाठवली, सोबतच्या पत्रात आपल्या कोटेशनचा उल्लेख करून. पुढे त्याने 2,892 पौंड वाढीव मागितले. मिळाले नाहीत. फाडून पाठवलेल्या त्या पट्टीने त्याच्या अटी मोडीत काढल्या होत्या. पत्रातला कोटेशनचा उल्लेख यंत्राची ओळख आणि किंमत सांगण्यापुरताच धरला गेला.

यावरून कामाच्या दोन सवयी. एक, कोणती पोच कोणाच्या कागदावर सही होऊन जाते यावर विक्री विभागाचं लक्ष असावं. ही चूक बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाच्या टेबलावर होते, कारण त्याला ते फक्त टपाल वाटतं. दुसरी, आपल्या ऑर्डरमध्ये एक वाक्य असावं की चलन, बिल किंवा पोच यांवर छापलेल्या अटी या व्यवहाराला लागू नाहीत. नाहीतर फाटकावर माल उतरवून घेणारा माणूस चलनावर सही करतो आणि त्या चलनाच्या मागे काय होतं ते कुणालाच आठवत नाही. मोठ्या करारात परिशिष्टं असतील तर प्राधान्यक्रमाचं कलम पाहावं. मुख्य करार वरचढ की परिशिष्ट, हे लिहिलेलं नसेल तर तुम्ही परिशिष्टात मिळवलेली सवलत मुख्य मजकुरात विरून जाऊ शकते.

सामान्य ग्राहकाला कायदा बरंच झाकून घेतो. युरोपीय संघाचा 1993चा निर्देश म्हणतो की वाटाघाटी न झालेली अट सद्भावनेविरुद्ध जाऊन ग्राहकाच्या हक्कांचा तोल ठळकपणे बिघडवत असेल तर ती बांधील नाही. ब्रिटनमध्ये 1977च्या कायद्यापासून निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी कुठल्याही छापील वाक्याने झटकता येत नाही. भारताच्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आली आणि त्यात अवाजवी अनामत, नुकसानीच्या प्रमाणाबाहेरचा दंड, कर्जाची आगाऊ फेड नाकारणं, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवणं अशा गोष्टी मोजल्या गेल्या. त्याच्या कितीतरी आधी, 1960च्या दशकात, मद्रास उच्च न्यायालयाने लॉन्ड्रीच्या पावतीवरची 'कपडा हरवल्यास किमतीचा ठरावीक हिस्साच देऊ' अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. दावा करण्याची कायद्याने दिलेली मुदत करारात कापून छोटी केली असेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम 28 नुसार ती कापाकापीही निरर्थक. म्हणजे छापलं आहे म्हणून ते खरंच, असं समजून दावा सोडून देऊ नये. काही अटी न्यायालयात टिकणार नाहीत हे माहीत असूनही छापल्या जातात, कारण त्या वाचूनच बरेच लोक परत फिरतात. ही त्यातली मला सर्वांत न आवडणारी गोष्ट.

व्यवसायासाठी करार करणाऱ्याला मात्र यातलं बरंचसं कवच मिळत नाही. दोन व्यापारी समान ताकदीचे आहेत असं धरून न्यायालयं चालतात, मग त्यातला एक दोन माणसांचा उद्योग का असेना. शंका आली तर अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हा जुना नियमही अशा करारांत हात राखूनच वापरला जातो.

लवादाचं आणि अधिकारक्षेत्राचं कलम शेवटच्या पानावर असतं, तोवर वाचणारा थकलेला असतो. भांडण कुठल्या शहरात, कुठल्या भाषेत, लवाद कोण नेमणार आणि त्याचा खर्च कोण देणार, एवढं तरी पाहावं. अमेरिकेत 2011 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणाची सुरुवात 'मोफत' फोनवर लावलेल्या 30.22 डॉलरच्या करातून झाली होती. निकाल असा लागला की ग्राहकांनी एकत्र येऊन दावा करायचा नाही हे करारातलं कलम चालेल. तीस डॉलरसाठी एकटा कुणी भांडत नाही. ते कलम लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासनं 'हाच संपूर्ण करार' या कलमापाशी संपतात. ते कलम म्हणतं की आधीचं सगळं बोलणं, ई-मेल, माहितीपत्रकं रद्द. म्हणून जे आश्वासन ऐकून आपण तयार झालो, ते करारात किंवा त्याच्या परिशिष्टात एका वाक्यात घालून घ्यायचं. छापील फॉर्म बदलता येत नाही असं उत्तर मिळतं. येतो. हाताने लिहिलेलं आणि छापलेलं यांत विसंगती असेल तर हाताने लिहिलेलं वरचढ मानतात. नको असलेलं वाक्य खोडून समासात दोन्ही बाजूंच्या आद्याक्षरी सह्या घ्याव्यात. रिकाम्या जागांवर आडवी रेघ मारावी, प्रत्येक पानावर सही करावी, आणि 'अटी संकेतस्थळावर उपलब्ध' असं लिहिलं असेल तर त्या दिवशीचं पान पीडीएफ करून तारखेसकट ठेवावं. पुढच्या वर्षी ते पान तसंच असेल याची खात्री नाही.

करार संपला तरी काही कलमं जिवंत राहतात आणि तशी ती राहतील असं एक कलम बहुधा अगदी शेवटी असतं. गोपनीयता, थकबाकी, दुसऱ्याने केलेल्या दाव्यांची भरपाई, लवाद ही नेहमीची यादी. तिच्यात कधीकधी त्याच क्षेत्रात काम न करण्याची अटही येऊन बसते. आपली माहिती त्यांच्या यंत्रणेत असेल तर ती किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळणार आणि त्यानंतर पुसली जाणार का, हेही तिथेच शोधावं. 30 दिवस लिहिलं असेल तर मोजणी कुठल्या तारखेपासून, हे पुन्हा व्याख्यांच्या पानावर जाऊन पाहावं लागतं.